एकशे सत्तावीस दात

भागाबाईचा उजवा खांदा त्या चैतात डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरला. डोक्यावर घागर घेतली की ती उजवीकडे कलायची आणि पाणी कानामागून पाठीवर सांडायचं. तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. साकोलीकडे धानाची रोवणी करून करून बायांच्या कंबरा वाकतात, तसा इथे खांदा उतरतो, एवढंच.

भिलाईजवळच्या सुपेल्यात, बाजारामागे टिनाच्या छपराखाली तिच्या नवऱ्याची, रामाजीची लेथ होती. दुर्गकडच्या एका बंद पडलेल्या धानाच्या मिलीतून बैलगाडीवर घालून आणलेली, जुनी, विलायती. गल्लीत विजेचे खांब उभे राहून वर्ष झालं होतं, तारा यायच्या होत्या. म्हणून भिंतीला छातीइतका उंच लोखंडी चक्का बसवला होता. चक्क्यावरून लेथवर चामड्याचा पट्टा. भागाबाई चक्का फिरवायची आणि रामाजी लोखंड कापायचा.

रामाजी नागपुरात रेल्वेच्या छोट्या गाडीच्या कारखान्यात पंधरा वर्षं टर्नर होता. भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा होऊन राहिला, तिथे टर्नर पाहिजेत, असं ऐकून नोकरी सोडून आला, तर भरतीच्या खिडकीवर त्याचं वय जास्त भरलं. परत जायला तोंड नव्हतं. साकोलीचं वाट्याचं दीड एकर भावाला देऊन त्याने ही लेथ घेतली. आता गावाकडे त्याला सगळे मिस्त्री म्हणत. तो इथे काय करतो ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

वैशाख लागला तेव्हा ठेकेदाराचा माणूस चौबे आला. त्याने पोत्यातून चाळीसेक नट जमिनीवर ओतले. जाड, काळपट, तेलकट नट.

"एक सौ बीस बोल्ट चाहिए, मिस्त्री. नट रशिया से आए हैं, बोल्ट की पेटी का पता नहीं. चूड़ी ऐसी काटो कि नट हाथ से चढ़े."

लोखंडावरच्या आट्यांना इकडे चूडी म्हणतात हे भागाबाईला कळायला पहिल्या वर्षी महिना लागला होता. तोवर तिला वाटायचं, ह्या खाकी पँटीतल्या बाप्या माणसांना रोज रोज बांगड्या कशाला पाहिजेत.

चौबे गेल्यावर रामाजीने आटे मोजायची लोखंडी फणी काढली. तिची पानं एकेक करून नटात घालून पाहिली. इंचात आठ आट्यांचं पान बसत नव्हतं, नवाचं बसत नव्हतं. त्याने नट उजेडाकडे धरला, पुसला, पुन्हा पान घातलं.

"आठच असन," तो म्हणाला. "पेटीत गंज धरला असन त्याले."

लेथच्या डाव्या अंगाला दातेरी चाकं बदलायची जागा होती. वरचं चाक फिरत्या सळीबरोबर फिरायचं, खालचं लांब स्क्रूवर बसायचं, आणि तो स्क्रू कापणारं टूल पुढे ओढत न्यायचा. त्या दोन चाकांच्या दातांचं जे नातं, तेच आट्यांचं. वर चाळीस दातांचं आणि खाली ऐंशीचं घातलं की इंचात आठ आटे. प्रत्येक चाकावर त्याच्या दातांचा आकडा ठोकलेला होता. भागाबाईला वाचता येत नव्हतं, पण हे आकडे ती चेहऱ्यावरून ओळखायची. दर शनिवारी ती सगळी चाकं घासलेटात धुवायची. वीसपासून एकशे वीसपर्यंत पाचापाचाने वाढत गेलेली.

"चाळीसचं दे. अन ऐंशीचं."

तिने दिली. मग पदर खोचून चक्क्याला लागली. सळी फिरू लागली, टूलच्या टोकाखालून बारीक तार निघाली. वीतभर पुढे गेलं की रामाजी टूल बाहेर ओढायचा, दांडा उचलून स्क्रूची पकड सोडायचा आणि टूलगाडी हाताने मागे आणायचा. तेवढ्यात तिला घाम पुसायला मिळायचा. मग पुन्हा तीच खेप, थोडी खोल. चौदा वेळा केलं की एक बोल्ट.

रामाजीने नट चढवला. एक फेरा गेला, दुसरा गेला.

"चढला?" तिने चक्क्याजवळून विचारलं.

"चढला."

"मंग?"

"अटकला."

त्याने नऊ आटे घालून पाहिले, तर नट एकही फेरा धड गेला नाही. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी त्याने खाली पंच्याऐंशीचं चाक घातलं. इंचात साडेआठ आटे. असे आटे त्याने उभ्या जन्मात कापले नव्हते. साडेआठाला दांडा उचलून चालत नाही, उचलला तर पुढच्या वेळी टूल भलत्याच जागी उतरतं. म्हणून टूल मागे आणायचं तर चक्काच उलटा फिरवावा लागे. सतरा फेरे सुलटे, सतरा उलटे. भागाबाईची घाम पुसायची सवड गेली.

पण नट चढला. शेवटी शेवटी पान्याने रेटावा लागला, तरी चढला. रामाजी त्या दिवशी जेवताना दोनदा हसला. पाच दिवसांत त्यांनी एकोणीस बोल्ट केले आणि तेल लावून भिंतीला ओळीने उभे केले.

सहाव्या दिवशी चौबे चार बोटं लांबीचा एक नट घेऊन आला. दोन बोल्ट एकमेकांना जोडायला तसे नट लागणार होते. त्याने पहिल्या बोल्टवर तो फिरवला. अर्ध्यावर गेला आणि दगडासारखा बसला. दुसऱ्यावर तसाच, तिसऱ्यावरही. चौबेने पान्याला पाय लावून पाहिला.

"यह क्या काटा है?"

"छोटा वाला तो जाता है साहब."

"छोटा जाता है, बड़ा नहीं जाता. एक ही चूड़ी है, तो ऐसा कैसे?"

चौबेने एकोणीसच्या एकोणीस बोल्ट पायाने आडवे केले आणि लांब नट शेवटापर्यंत जाईल असा बोल्ट दाखवायला पंधरा दिवसांची मुदत देऊन गेला. नाही जमलं तर सुपेल्यातलं कुठलंच काम ह्या दारावर येणार नाही, हे जाताना सांगून गेला.

रामाजीने आडवे बोल्ट एकेक करून उभे केले. मग म्हणाला, "तुहा हात झटके देते."

भागाबाई चक्क्याच्या मुठीला धरून उभी होती. "माहा?"

"मंग कोणाचा? चाकं बराबर हायेत, टूल बराबर हाय. तू एक फेरा जोरात मारते अन एक हळू. जराशा आट्याले समजत नाई, लांब आट्यात थे भरते."

तिला ते पटलं. खांदा उतरला होताच, हात थकतही होता. त्या दिवसापासून ती मनात मोजून फिरवू लागली. श्वास एकासारखा एक ठेवला. मुठीने हाताला फोड आला, तिने चिंधी बांधली, चिंधी घसरते म्हणून सोडली. फोड फुटला तरी हात सारखा ठेवला. लांब नट तिथेच अडकत होता, त्याच फेऱ्यावर.

चौथ्या दिवशी रामाजीने सुखरामला आणलं. सिमेंटच्या कामावरून सुटलेला, बैलासारख्या मानेचा गडी. रामाजी बायकोला म्हणाला, "तू घरी राह्य. भावाची गाडी येनार हाय जेठात. तिकडं जाय. रोवण्याले त्याले बाया पायजेतच."

म्हणजे ज्या दीड एकराची ती मालकीण होती, त्याच दीड एकरात जावेच्या हाताखाली रोवणी. भागाबाईने भाकऱ्या बांधल्या. दुपारी डबा घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली, तर सुखराम चक्का फिरवत होता आणि रामाजी त्याला "शाबास" म्हणत होता. तिला आत बोलावलं नाही. ती डबा उंबऱ्यावर ठेवून बाजूला बसली.

सुखरामच्या हातचा पहिला बोल्ट उतरला. रामाजीने लांब नट चढवला. नट अर्ध्यावर बसला.

"तुहाबी हात नाई बराबर," रामाजी म्हणाला.

सुखरामने आपले दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. "मोर हाथ म का होगे, मिस्त्री?"

भागाबाईने ते पाहिलं. तिच्या डोक्यात काहीतरी आडवं आलं. त्या गड्याचा हात आणि तिचा हात ह्यांत काहीच सारखं नव्हतं, मग नट एकाच फेऱ्यावर कसा बसला?

दुसऱ्या दिवशी दुपारी रामाजी बाजारात तेल आणायला गेला. सुखराम मागच्या सावलीत झोपला होता. लेथवर आटे कापलेला एक बोल्ट तसाच लागलेला होता, टूलचं टोक आट्याच्या खाचेत होतं. भागाबाई चक्क्याशी गेली. सावकाश फिरवलं. टूल खाचेतून सावकाश गेलं. मुद्दाम झटका दिला, टूल झटक्याने गेलं, पण खाचेतच राहिलं. मधेच थांबली, तर टूलही थांबलं. उलटं फिरवलं, मागे आलं, त्याच खाचेतून. तिने वाटेल तसा चक्का नाचवला. टूल खाच सोडेना. एका जुवाखालचे बैल. एक थांबला की दुसऱ्याला थांबावंच लागतं, एकाने हिसका दिला की दुसऱ्याला हिसक्यानेच चालावं लागतं. पण म्हणून नांगराचं तास वाकडं जात नाही.

रामाजी आला तेव्हा ती मुठीला धरूनच उभी होती.

"मी थांबली का थेबी थांबते," ती म्हणाली. "मी झटका देला का थेबी झटक्यानं चालते. मंग आट्याले कसं समजन माहा हात कसा हाय थे?"

रामाजीने तेलाचा डबा खाली ठेवला. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. चाकांकडे बघत राहिला आणि मग चष्मा पुसू लागला.

घरी जाताना वाटेत तिच्या लक्षात आलं की पंधरा वर्षं ज्याने लेथ चालवली त्याला हे ठाऊक नसेल असं कसं होईल? हे तर तिला एका दुपारी कळलं. ठाऊक होतं, तर तिला तसं का म्हणाला? ती चालता चालता थांबली. मागून येणारा सायकलवाला शिव्या देत गेला. रामाजीच्या त्या बोलण्याचा अर्थ तिला लागेना. बोल्टाचं कोडं त्यापुढे बरं होतं.

मुदत संपायला चार दिवस उरले असताना चौबे एका रशियन माणसाला घेऊन आला. उंच, उन्हाने मान लाल झालेला, डोक्यावर गवती टोपी. तो वाकून आत शिरला. एक बोल्ट उचलून त्यावर स्वतःजवळची फणी ठेवली. लेथच्या डाव्या अंगाचं झाकण उघडलं, चाकं पाहिली, भिंतीवर टांगलेली सगळी चाकं एकेक करून चाळली. नकारार्थी मान हलवली. मग खिशातून खडू काढून दारावर मोठा आकडा लिहिला. १, २, ७. त्यावर दोनदा बोट ठोकलं, काहीतरी बोलला, पुन्हा ठोकलं आणि वाकून बाहेर गेला.

"क्या बोले?" रामाजीने विचारलं.

चौबेलाही रशियन येत नव्हतं. त्याने आकडा वाचला. "एक सौ सत्ताईस."

"ऑर्डर तो एक सौ बीस का है."

चौबेने विचार केला. "तो सात और बनाने होंगे."

संध्याकाळपूर्वी सात सळ्या जास्तीच्या आल्या सुद्धा. रामाजी त्या सळ्यांकडे बघून वेड्यासारखा हसला. जे एकही धड होत नव्हतं ते अजून सात करायचे होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. बायकोला दुकानात येऊ नको म्हटलं होतं, पण चाकं धुवायला सुखरामला सांगावं असं रामाजीला सुचलं नव्हतं, म्हणून भागाबाई नेहमीसारखी आली. घासलेटाच्या घमेल्यात चाकं टाकली. एकेक बाहेर काढून चिंधीने पुसताना ती दारावरच्या खडूच्या आकड्याकडे बघत होती.

"त्यायनं आकडा कवा लिवला?" तिने विचारलं.

"कवा म्हंजे?"

"बोल्ट पाहून लिवला का चाकं पाहून?"

रामाजी टूलला धार लावत होता. "चाकं पाहून."

"मंग चाकच असन थे."

"एकशे सत्तावीसचं चाक नसते. पाचापाचानं असतात. तू धुतेस नं?"

"धुतो म्हणूनच म्हणून राहिली. ह्यायच्यात नाई थे. नाई म्हणूनच लिवलं असन."

रामाजीचं धार लावणं थांबलं. त्याने एकशे सत्तावीसला दोनाने भागून पाहिलं, तिनाने, पाचाने, साताने. कशानेच जाईना. असला आकडा चाकाला कोण देईल? पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

रविवारी दोघं पंजाबरावकडे गेले. पंजाबराव उमरेडकडचा, कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये टर्नर, कॅम्पातल्या क्वार्टरात राहायचा. तो खाटेवर बसून दाढी करत होता.

"आहे नं," तो म्हणाला. "आमच्याकडं दोन हायेत एकशे सत्तावीसचे. वर साठ घाला, खाली एकशे सत्तावीस. तीन मिलिमीटरचा आटा पडते. पण गेटवर झडती होते भाऊ, चाक काय, मी तुमाले एक खिळा आणून देऊ शकत नाई."

"पण एकशे सत्तावीसच कावून?" रामाजीने विचारलं.

पंजाबरावने फेस लावलेल्या तोंडाने समजावलं. तुमची लेथ इंचाची. रशियनांचं सगळं मिलिमीटरात. एका इंचात पंचवीस मिलिमीटर बसतात आणि वर थोडं उरतं. ना पाव, ना अर्धा. ते उरलेलं थोडंसं पाच इंचांत पुरं होतं, पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर, म्हणून दुसरा आकडा चालत नाही.

रामाजीने मान हलवली, पण त्याच्या तोंडावरून भागाबाईला कळलं की त्याला काही उमजलं नाही. तिला मात्र बाजार आठवला. वर्षभरापासून सुपेल्यात शेर जाऊन किलो आला होता, आणि किलो शेरापेक्षा थोडासाच मोठा होता.

"शेराचं माप घेऊन किलोचे तांदूळ मोजल्यावानी," ती म्हणाली. "एका मापाले समजत नाई. पोतं भरलं का समजते."

पंजाबराव वस्तरा हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "तसंच," तो म्हणाला. "जराशा नटाले समजलं नाई, लांबाले समजलं." मग त्याने असं चाक घरी कसं करता येईल ते सांगितलं. वेळ लागेल हेही सांगितलं.

रामाजी सोमवारी चौबेकडे जाऊन उभा राहिला. चौबेने त्याला उन्हात तासभर उभं ठेवलं आणि चाकाचं ऐकून अजून पंधरा दिवस दिले. सुखरामला रामाजीने येऊ नको म्हणून सांगितलं. जेठ लागला, भावाची गाडी आली. भागाबाईने गाडीवानाला जेवू घातलं आणि ती रिकामीच परत पाठवली.

भंगारातली जाड पत्र्याची चकती त्यांनी आधी लेथवर गोल केली. मग कागदाची पट्टी चकतीभोवती गुंडाळून तेवढीच कापली आणि कंपासने तिच्यावर सारख्या खुणा करायला बसले. पहिल्यांदा शेवटचं घर अर्धंच उरलं. कंपास केसभर मिटवून पुन्हा. मग रामाजीची मोजदाद एकशे सत्तावीस आली आणि भागाबाईची एकशे सव्वीस. पुन्हा मोजलं, तर त्याची एकशे सव्वीस आणि तिची एकशे अठ्ठावीस. शेवटी तिने एका खुणेला एक चिंचोका ठेवला आणि चिंचोके दहा-दहाचे ढीग करून मोजले. बारा ढीग आणि सात. तीन दिवस कागदावरच गेले.

पट्टी चकतीला चिकटवली. रामाजी करवतीने खाच पाडायचा आणि भागाबाई कानस घेऊन त्या खाचेला दाताचा आकार द्यायची. साठच्या चाकाचा दात पाहून त्याने टिनाचा एक नमुना कापून दिला होता. कानस मारायची, नमुना लावून बघायची, उजेड दिसला की पुन्हा कानस. छपराचं टिन तापून कडकड वाजायचं. कानशीची भुकटी घामाने हाताला चिकटायची आणि मनगटं काळी दिसायची. दिवसाला पंधरा-सोळा दात होत. पाचव्या दिवशी रामाजीची एक खाच तिरकी जाऊन दात बारीक निघाला, तेव्हा त्याने करवत ठेवून दिली आणि पाणी पिऊन आला. भागाबाईने कानस मारलेले बाकी सगळे सारखे होते.

सातव्या दिवशी दुपारी तो खाच पाडता पाडता म्हणाला, "मले मालूम होतं."

कानस चालत होती. "काय?"

"का हाताचा दोष नाई."

कानस थांबली नाही. तिने तो दात पुरा केला, नमुना लावला, उजेड पाहिला. "मंग कावून म्हणलं?"

रामाजीने करवतीचं पातं बोटाने चाचपलं. बाहेर कोणीतरी बैलगाडीच्या चाकाला पाणी मारत होतं. तो म्हणाला, "दुसरं काई समजून नाई राहिलं म्हणून."

ती पुढच्या दाताला लागली. त्या उत्तराने तिचं समाधान झालं की नाही, हे तिलाच कळत नव्हतं. राग यावा असं ते होतं. पण समजत नसलं की माणूस जवळ असेल त्याला धरतो, हेही तिने पाहिलं होतं. ती नुसती कानस मारत राहिली. त्या दिवशी अठरा दात झाले.

मुदतीला पाच दिवस उरले तेव्हा चाक पुरं झालं. रामाजीने वर साठचं घातलं, खाली हे. पहिल्यांदा फिरवलं तर दोन ठिकाणी कुरकुरलं. तिने तिथे कानस लावली, तेल सोडलं. दुसऱ्यांदा फिरलं.

रामाजीने नवी सळी बांधली, टूल लावलं. मग चक्क्याकडे बघून थांबला. भागाबाई चक्क्याजवळ नव्हती. ती लेथजवळ, त्याच्या शेजारी उभी होती.

"आज चक्का तुमी फिरवा," ती म्हणाली.

"अन टूल?"

"मी पायतो. तीन वर्स पाहूनच राहिली. आत घ्याचं, बाहेर घ्याचं, पकड सोडाची नाई. कधी उलटं फिरवाचं थे मी सांगन."

"लोखंड हाय थे भागे. खोल गेलं तर तुटन."

"तुटन तर दुसरी सळी लावू. सात जास्तीच्या हायेतच."

रामाजीने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने चष्मा काढून फळीवर ठेवला, बंडीच्या बाह्या वर केल्या आणि चक्क्याला जाऊन लागला.

टूलखालून तार निघाली. भागाबाईचं बोट हँडलवर होतं आणि डोळे खाचेवर. शेवटाला आलं तसं तिने टूल बाहेर ओढलं. "उलटा." चक्का उलटा फिरला. "सुलटा." चौदा खेपा झाल्या तेव्हा रामाजीची बंडी पाठीला चिकटली होती आणि तो तोंडाने श्वास घेत होता. तिने लांब नट चढवला. हाताने फिरवला. अर्धा आला. तिने थांबून खाली पाहिलं, मग पुन्हा फिरवला. नट फिरत राहिला, गुळगुळीत, आणि आटे संपले तिथपर्यंत जाऊन थांबला.

तिने नट पुन्हा उतरवला, पुन्हा चढवला. मग तो बोल्ट सोडून खाली ठेवला.

"दुसरी लावा," ती म्हणाली.

त्याने सळी बांधून दिली आणि परत चक्क्याला गेला. चौथा बोल्ट चालू असताना दारात सायकल थांबली. चौबे आत आला आणि जागीच उभा राहिला. लेथवर बाई होती, पदर खोचलेला, हाताला तेल. मिस्त्री भिंतीशी घामाने निथळत चक्का ओढत होता.

रामाजीने त्याला पाहिलं. त्याची मान एकदम ताठ झाली आणि हात मुठीवर सैल पडला. चक्का मंदावला. भागाबाईने मागे वळून पाहिलं नाही. टूल खाचेत होतं, तिची नजर तिथेच होती.

"यह क्या चल रहा है?" चौबे म्हणाला. "मिस्त्री, इधर आओ ज़रा."

रामाजीने मूठ पुन्हा घट्ट धरली.

"रुकिए साहब," तो म्हणाला. "अभी छोड़ नहीं सकते. चूड़ी बिगड़ेगी." थांबल्याने आटे बिघडत नाहीत, हे आता दोघांनाही ठाऊक होतं.

चौबे खाली पडलेल्या तीन बोल्टांकडे गेला, एक उचलला, त्यावर लांब नट फिरवू लागला. फिरवता फिरवता त्याचे हात हळू झाले. त्याने नट शेवटापर्यंत नेला आणि मग कोणाकडे बघावं ते न कळून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

टूल आट्यांच्या टोकाला आलं. भागाबाईने ते बाहेर ओढलं.

"उलटा," ती म्हणाली, आणि रामाजी उलटा फिरवू लागला.